बिनडिस्कच्या यंत्रांची व्यवस्था

मी, खाली सही करणारा, वय एकोणपन्नास, धंदा जुने संगणक दुरुस्त करण्याचा, हे कोणाच्या सांगण्यावरून किंवा धाकाने लिहीत नाही. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. शरीराबद्दल तसे म्हणता येत नाही. यकृताचे डॉक्टरांनी काय ते सांगितले, ते मी देवाच्या कानावर घातले. त्यानंतर दोघांपैकी कोणीच काही बोललेले नाही.

एक. राहते घर माझ्या स्वतःच्या कमाईचे आहे. ते माझ्यामागे बायकोचे, तिच्यानंतर मुलीचे. माझ्या थोरल्या भावाने त्यावर हक्क सांगू नये. मुलीचे पाय लटपटू लागले तेव्हा मी त्याला म्हणालो होतो, "दादा, सकाळी तिला शाळेच्या गाडीत चढवायला जरा हात लावत जा." तेव्हा त्याची कंबर धरली. माझी यंत्रे पाहिल्यावर मात्र तीच कंबर मोकळी झाली. "भंगारवाल्याला बोलाव," म्हणाला, "उचलायला मी येतो." हे मी रागाने लिहीत नाही, असे पुढे लिहिणार होतो. पण रागानेच लिहितो आहे.

दोन. बँकेतली शिल्लक बायकोला मिळावी आणि तिच्यातून सर्वांत आधी मुलीला उचलण्यासाठी एक बाई ठेवावी. मुलगी आता मोठी आहे, आणि तिचा स्नायूंचा आजार पायांवरून हातांपर्यंत आला आहे. आजवर तिला मी उचलत आलो. आता मला जमत नाही. बायको एकटी उचलते तेव्हा मी तोंड फिरवतो, कारण दोघी पडल्या तर मी काहीही करू शकणार नाही. "बाई कशाला, मी आहे की," असे बायकोने म्हणू नये. ती म्हणणारच, म्हणून लिहून ठेवले.

तीन. हत्यारे माझ्या वायरमन मित्राला द्यावीत. तो पटकन तापतो म्हणून आम्ही त्याला फ्यूज म्हणतो. वीज तपासायचा मीटर त्याने आधीच नेला आहे. तो परत मागू नये.

चार. पुढच्या खोलीतली यंत्रे. कचेऱ्यांनी टाकून दिलेल्या संगणकांतून मदरबोर्ड आणि रॅम काढून ती मी प्लायवूडच्या फळ्यांवर बसवली आहेत. त्यांना डबा नाही, पडदा नाही, हार्ड डिस्कही नाही. डिस्क महाग, आणि तीच आधी बिघडते. डिस्क आहे फक्त कोपऱ्यातल्या मोठ्या यंत्राला. बाकीची चालू झाली की तारेवरून त्याला विचारतात, त्याच्याकडून सगळे घेतात आणि कामाला लागतात.

काम असे. दूरच्या एका संशोधन संस्थेला औषधे शोधण्यासाठी अफाट गणिते करायची असतात. ती त्यांचे बारीक तुकडे करून लोकांच्या घरच्या संगणकांना वाटते. करणारे फुकट करतात. मुलीचा आजार त्या संस्थेच्या यादीत होता. मला ते गणित कळत नाही, गावच्या शाळेत तेवढे नव्हते. पण ते करणारे यंत्र स्वस्तात उभे करता येत होते. रोज सकाळी फळ्यांसमोर हात जोडून मी मोठ्या यंत्राच्या पडद्यावर आकडे पुढे सरकलेले बघत असे. प्रार्थना म्हणायची तर माझी तीच होती.

पुढे संस्थेने कळवले, या आजारावरचे काम हाती काही न लागल्यामुळे थांबवत आहोत.

"मग आता बंद करा," बायको म्हणाली.

"दुसऱ्या आजारांचं येतंय काम."

"दुसऱ्यांना आईबाप आहेत."

तरी मी चालू ठेवली. बंद केली असती तर औषध निघणार नाही हे कबूल केल्यासारखे झाले असते. आता कबूल करतो. निघणार नाही.

पाच. हे कलम आधी असे होते: "माझ्या मृत्यूनंतर यंत्रे बंद करून पुढची खोली मुलीला द्यावी." घरातली तीच एक खोली हवेशीर. दोन खिडक्या, समोर रस्ता. यंत्रे तापतात, म्हणून ती तिथे ठेवली होती. मुलीचा पलंग मागे, न्हाणीघराच्या भिंतीला. वकीलबाईंनी मसुदा मोठ्याने वाचला तेव्हा मागून आवाज आला.

"म्हणजे बाबा जाईपर्यंत मी इथेच?"

"अगं, मृत्युपत्र माणूस गेल्यावरच लागू होतं," वकीलबाई म्हणाल्या.

"मग बाबा, जरा मनावर घ्या."

"जीभ आवर," बायको ओरडली. फ्यूज साक्षीसाठी आला होता, तो खिडकीकडे बघत हसू दाबत होता. मीही हसलो. नंतर मला मान वर करता येईना.

मी मुलीला विचारले, "कधीपासून हवी होती?"

"खिडकीशी मला स्वतः जाता यायचं ना, तेव्हापासून."

यंत्रे एकदम बंद करता येत नाहीत. हातातले काम त्यांच्या रॅममध्येच असते, वीज तोडली तर ते पुसले जाते. म्हणून आज मी मोठ्या यंत्राला सांगितले आहे की नवे काम घेऊ नये. हातातले पुरे करून पाठवले की एकेक फळी गप्प होईल. ज्यांच्यासाठी ते काम आहे, त्यांचे तरी भले होवो. फळ्या गप्प होतील तशा आमचा फ्यूज त्या काढत जाईल, आणि शेवटची निघाली की मी कोणत्याही अवस्थेत असलो तरी मुलीचा पलंग पुढे हलवावा. त्यासाठी माझ्या मरणाची वाट बघू नये.

वकीलबाई म्हणतात, जिवंतपणी देऊन टाकलेली गोष्ट मृत्युपत्रात घालत नाहीत. बरोबर आहे. पुढची खोली या मृत्युपत्रात नाही. ती का नाही ते मुलीला माहीत असावे, एवढ्यासाठी हे कलम ठेवले आहे.

वाचून पाहिले, पटले, सही केली.

लिहून देणार: (सही)

साक्षीदार पहिला: वायरमन, शेजारी (सही)
साक्षीदार दुसरी: समोरच्या शिवणवाल्या काकू (सही)

ठिकाण: राहते घर, पुढची, म्हणजे मुलीची खोली
दिनांक: वकीलबाईंनी शिक्क्याखाली घातला आहे तो