एक जूनची चाळणी

लातूर
२२ जून २०१७

प्रिय नागाअक्का,

साष्टांग नमस्कार. मी इकडे खुशाल आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. तुझी कंबर कशी आहे? मलम पाठवलंय ते लाव, नुसतं फडताळात जपून ठेवू नकोस. दाजींना नमस्कार.

रोज फोन होतो, मग हे पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू "जेवलास का" विचारतेस आणि मी पुढचं सगळं गिळून टाकतो. तुला वाचता येत नाही, म्हणजे हे राजकन्याच वाचून दाखवणार. ते ठाऊक असूनच लिहितोय. राजकन्ये, मधलं काही गाळू नकोस. आईसमोर बस आणि मोठ्यानं वाच.

अक्का, तू गल्लीत सांगतेस, "आमचा मन्मथ क्लासात कॉम्प्युटर चालवतो." नुसता चालवत नाही गं. क्लासकडे दहा वर्षांतल्या चाळीस हजार पोरांचे फॉर्म, हजेरी, टेस्टचे मार्क पडून होते. आमचे मालक किशनराव सर म्हणाले, यातून कामाचं काहीतरी काढ. कुठल्या गोष्टी पुन्हापुन्हा जोडीनं येतात ते शोधायचं होतं. एकेक जोडी तपासत बसलं की मशीन तीन दिवस घुरघुरायचं. मग मी युक्ती लावली. जी गोष्ट एकटीच फारशी सापडत नाही, ती दुसरीबरोबर तरी किती सापडणार? ती आधीच पाखडून टाकायची आणि उरलेल्यांच्याच जोड्या लावायच्या. तू सुपात तूर पाखडतेस तसं. तेच काम अकरा मिनिटांत व्हायला लागलं. त्या दिवशी मी स्वतःवरच एवढा खूश होतो की सगळ्या स्टाफला चहा पाजला.

पाखडून जे उरलं त्यात एक ठळक नियम होता. जन्मतारीख एक जून आणि मुक्काम होस्टेलला, अशी पोरं दिवाळीपर्यंत क्लास सोडतात. दहातली सात.

सरांनी टेबलावर थाप मारली. "कारण-बिरण सोड. पॅटर्न हाय ना? मग गरीब पोरांच्या मोफत बॅचला हीच चाळणी लाव. जागा वाया जाऊन राहिल्या."

एक जून म्हणजे काय, हे मला दुसऱ्या कुणी सांगायला हवं होतं का? भूकंपात आई-आप्पा गेले, आणि पुढच्या वर्षी पत्र्याच्या शाळेत मला घालायला तूच घेऊन गेलीस. तूच केवढीशी होतीस तेव्हा! गुरुजींनी विचारलं, "पोराचा जन्म कधीचा?"

"ज्वारी काढायच्या वख्ताला."

"तारीख सांग." तू पुन्हा ज्वारीचंच बोललीस. "बरं, एक जून टाकतो. समद्यांला तेच टाकलंय."

राजकन्या तर दिवाळीत झाली. डिंकाचे लाडू घेऊन मीच आलो होतो. पण शाळेत वय बसावं म्हणून तिलाही एक जून. ज्यांच्या घरी तारीख लिहून ठेवायला कुणी नव्हतं त्यांची ही तारीख. अशी पोरं होस्टेलात का टिकत नाहीत तेही मला ठाऊक आहे. नांदेडच्या होस्टेलातून मी दोनदा पळून आलो आणि दोन्ही वेळा तू एस.टी.नं मला परत नेऊन सोडलंस. हे सरांना सांगायचं सोडून मी मुकाट चाळणी लावली. मला शाबासकी हवी होती, दुसरं काही नाही. याची लाज वाटते.

आता इतका वेळ टाळलं ते. राजकन्येला मोफत बॅचच्या प्रवेश परीक्षेत मार्क कमी पडले, असं मी तुला फोनवर सांगितलं. ते खोटं होतं. जागा साठ होत्या आणि ती सतरावी आली होती. फॉर्मवर एक जून आणि मुक्काम होस्टेल, म्हणून तिला माझ्या चाळणीनं पाडलं. तिनं पुस्तकं पोत्यात भरून ठेवली, असं तू बोललीस, तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही.

काल सरांपुढे सगळं ओकून टाकलं. ते शांतपणे म्हणाले, "तुझ्या भाचीला घेऊ. बाकीच्यांचं नाव काढू नको."

बाकीची पोरं अकरा आहेत. त्यात इस्लापूरची शहजादी नावाची मुलगी आहे, परीक्षेत चौथी. तिला परत नेऊन सोडणारी कुणी अक्का आहे की नाही, मला माहीत नाही. मी सरांना हो म्हणालो नाही. म्हणजे तुझ्या पोरीची जागा मी दुसऱ्यांदा धोक्यात घातली. चिडशील. चीड, तुझा हक्क आहे.

आज पोस्टात बारा पाकिटं टाकतोय, प्रत्येकात ज्याचा त्याचा खरा नंबर. हे त्यातलं पहिलं. नोकरी राहील असं वाटत नाही. बॅच तीन जुलैला सुरू होते. त्या दिवशी सकाळी दहाला मी क्लासच्या दारात उभा असेन. बाराही जण आले तर सरांना चारचौघांत उत्तर द्यावं लागेल. देतील की नाही, सांगता येत नाही. तरी तू राजकन्येला घेऊन ये. मला नेत होतीस तशीच, हात धरून.

राजकन्ये, वरचा एक शब्द तू घाईत वाचून पुढं गेली असशील. मागे जा. "सतरावी." आईला पुन्हा एकदा मोठ्यानं वाचून दाखव, आणि मग त्या पोत्याची गाठ सोड.

तुझा,
ज्वारीच्या काढणीत जन्मलेला
मन्मथ