शंखातला खेकडा आणि तीन झाकणं

मंगळवार, २० सप्टेंबर १९८८
एरंडोल

ती. नाना,

तुमच्या पायांवर डोकं ठेवते. आईच्याही ठेवते; ती मागच्या दारी असेल तर आधी हाक मारून आत बोलवा आणि मगच पुढे वाचा. (ती नसताना पत्र वाचता आणि नंतर तिला ‘सुनंदा मजेत आहे’ एवढंच सांगता, हे मला ठाऊक आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? आईचा खोकला? मी मजेत आहे. दोन्ही वेळ व्यवस्थित जेवते. घरमालकीण झुंबरबाई फार मायाळू, मला रोज जेवायला बोलावते. इथे मला छान करमतं.

पत्राला उशीर झाला, कारण शाळेत सिनेमा होता. आमचे हेडमास्तर बन्सीलाल सर यांनी जळगावहून मुलांसाठी कार्टूनचा पिक्चर मागवला. तीन रिळं, तीन गोल डबे, एक प्रोजेक्टर आणि ते चालवणारे अभिमनभाऊ असा सगळा लवाजमा शनिवारी सकाळच्या एसटीने आला. भावना आणि मोठं होणं असा विषय, शैक्षणिक, परक्या देशाचा. देश कोणता ते कागदावर नव्हतं. भाषा इंग्रजी नाही एवढं मला पहिल्या मिनिटाला कळलं, पण सरांनी माइक आधीच माझ्या हातात दिला होता. म्हणाले, “सुनंदाबाई, तुम्ही नवीन शिकून आलात. तुम्हीच सांगा पोरांना.” (इथे मला सगळे बाई म्हणतात. एकविसाव्या वर्षी. पहिला महिनाभर मी मागे वळून बघायची, कोणाला म्हणतात ते.)

नाना, जे झालं ते माझ्या टापटिपीमुळे झालं, म्हणून दोष तुमच्याकडेही थोडा येतो. चौथीपर्यंत तुम्ही मला घरीच शिकवलंत, आणि पाटी पुसल्याशिवाय पुढचं अक्षर काढू दिलं नाहीत. डबे धुळीने माखलेले होते. ते अभिमनभाऊ चहाला गेले, तेवढ्यात मी तिन्ही झाकणं ओल्या फडक्याने स्वच्छ पुसली आणि वाळायला उन्हात मांडली. मग परत लावली. आकडे डब्यांवर नव्हते, झाकणांवर होते, हे मला दुपारी कळलं.

सातवीच्या वर्गाच्या खिडक्यांना कापसाच्या गोण्या लावून अंधार केला होता. पोरं जमिनीवर, बाया मागे, पुरुष दाराशी. सरांनी भोंगा बाहेर लावल्यामुळे जे आले नाहीत त्यांनाही माझा आवाज गेला. पडद्यावर खेकड्याचं एक पिल्लू आलं, शेजारी त्याची आई. ते शंखात राहतं. अंग वाढलं की शंख दाटतो, मग तो सोडून दुसरा शोधायचा, आणि मधल्या वेळात उघड्यावर थांबायचं. त्याच्या मनात जे असेल त्याचा रंग पोटावर उमटे. भ्यालं की निळा, रागावलं की लाल, आनंद झाला की पिवळा. भाषा येत नसली तरी रंग मला वाचता येत होते, त्यामुळे मी धीटपणे सांगत होते. पोरंही तयार झाली. पोट निळं झालं की “भ्यायना, भ्यायना!” पुढच्या रांगेतून एकाने उठून विचारलं, “बाई, याना रस्सा भारी लागस ना?” त्यावर पोरांचं एकमत झालं.

दुसऱ्या डब्यातलं रीळ लागलं, तर पिल्लू एकदम मोठं. आई कुठेच नाही. सगळा किनारा रिकामा, आणि पोटावर रंगच नाही. आरपार दिसावं तसं. मागून कोणी म्हणालं, पिक्चर धुतला वाटतं. मला तो रंग कोणता ते लगेच कळलं, पण माइकवर सांगितलं नाही. “आता तो विचार करतो आहे,” असं म्हणाले. मग त्याला मोठा शंख मिळाला, तो एकटाच त्यात शिरला, आणि पडद्यावर मोठी अक्षरं आली. मी ती ‘मध्यंतर’ अशी वाचली. पोरं बाहेर पळाली. (तो शेवट होता, नाना. तिसरं रीळ आम्ही दुसरं म्हणून दाखवलं होतं.)

मध्यंतरानंतर पिल्लू पुन्हा लहान, जुन्या शंखात, आणि आई शेजारी. सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. माइक चालू होता. आणि मी म्हणाले, “आईकडे परत आलं की सगळेच लहान होतात.” कुठून आलं तोंडात, माहीत नाही. मग पडद्यावर मायलेकरं वाळूवर शेजारी बसली, दोघांची पोटं पिवळी झाली, आणि रीळ संपून पडदा पांढरा झाला. झुंबरबाईने पदर डोळ्यांना लावला. “बरं व्हयनं माय, घर उनं,” म्हणाली, पिल्लू घरी आलं म्हणून. टाळ्या कोणीतरी दाराशी सुरू केल्या आणि त्या बराच वेळ चालल्या. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, गोण्यांच्या धुळीने.

डबे भरताना अभिमनभाऊंना झाकणांचा घोटाळा सापडला. रागावले नाहीत, हसले. सर म्हणाले, जाऊ द्या बाई, गाव खूश आहे. पण मला जेवण जाईना. काल पाचवीच्या वर्गात मी सगळं कबूल केलं. खरा क्रम सांगितला: पिल्लू आईजवळ असतं, मग निघतं, मग एकटं राहतं, आणि तिथे संपतं. परत येत नाही. मग कुंदा नावाची मुलगी उभी राहिली. “मंग त्यानी माय?” मी म्हटलं, ती तिच्या घरी. तिने जरा विचार केला. “बाई, तुमनी माय कोठे शे?” धुळ्याला, म्हटलं. “मंग ती का नही येस?”

आता हिला काय सांगणार? जूनमध्ये तुम्ही मला सोडायला आलात, ट्रंक आत ठेवलीत आणि उंबऱ्याबाहेरच उभे राहिलात. मी पाणी आणलं तर म्हणालात, लेक जिथे चूल मांडते ते लेकीचं घर, आणि लेकीच्या घरचं पाणी आपल्याकडे घेत नाहीत. (माझं लग्न झालेलं नाही हे मी तेव्हा सांगायला हवं होतं.) तसेच तहानलेले एसटीत बसलात. पाचवीच्या मुलांना हे समजेल असं मला वाटेना. म्हणून मी दुसरंच काही सांगितलं, ते खाली लिहिते.

बाकी सर्व ठीक. माझी काळजी नसावी.

तुमची
सुनंदा

ता. क. लिहिलेलं पुन्हा वाचावं आणि खोटं असेल ते आपल्याच हाताने दुरुस्त करावं, हा तुमचा नियम. वाचलं. गोण्यांना धूळ नव्हती, मीच आदल्या दिवशी झटकल्या होत्या. झुंबरबाई रोज बोलावत नाही. दोनदा “पोरी, जेवाले ये” म्हणाली, दोन्ही वेळा मी नाही म्हटलं, मग तिने विचारणं सोडलं. जेवण एक वेळचं होतं. भाकरी मात्र घरच्या सवयीने तीन होतात. हात थांबत नाही.

आणखी एक. ‘मला छान करमतं’ हे वाक्य काय करावं ते समजत नाही. खोडलं तर आई विचारेल तिथे काय होतं, म्हणून तसंच ठेवलं आहे.

शेवटचं. कुंदाला मी सांगितलं की माझी आई येत्या रविवारी येणार आहे. वर्गासमोर सांगितलं. नाना, मी आजवर खोटं बोलले नाही, हेही खरं व्हायला हवं. धुळ्याहून सकाळची जळगाव गाडी पारोळ्यावरून दहाच्या सुमारास इथे येते. मी स्टँडवर उभी राहीन. आईने पाणी घरून आणलं तरी चालेल. भाकरीही आणू दे. फक्त बसायला येऊ दे.