निकिताची मागची दाढ

बोरी अरब,
दि. ३० ऑगस्ट २०२५

चि. सौ. विजयमाला हिस,

किसनभाऊचे अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडे सर्व ठीक. तुझी पोरगी निकिता मामाच्या घरी मजेत आहे, शाळा बुडवत नाही, खोकला तर जवळजवळ गेलाच.

फोनवर निम्मं तू ऐकतेस आणि निम्मं जवाईबापूंच्या टीव्हीत जातं, म्हणून हे कागदावर तपशीलवार लिहितो. विषय निकिताच्या दाढेचा. खालची, उजवीकडची, सगळ्यात मागची. वर काळा खड्डा, ज्वारीचा दाणा बसेल एवढा. जुलैत शाळेत तपासणीची गाडी आली होती. त्यांनी पोरीच्या हातात चिठ्ठी दिली, दंत विभागात दाखवा. दाखवा म्हणायला त्यांचं काय जातं?

मंगळवारी, २६ तारखेला, सकाळी सव्वासातच्या एसटीने तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेलतो. नऊला नंबर लावला, साडेअकराला कळलं की दातांचे डॉक्टर शिबिराला गेलेत. त्यांचे वार मंगळवार आणि शुक्रवार, तसा बोर्ड आहे, मी तो दोनदा वाचला. काल शुक्रवारी परत गेलो. डॉक्टर हजर, पण खुर्ची बंद. खुर्चीला हवा देणाऱ्या कॉम्प्रेसरची मोटर नुसती घुं घुं करते, उचलत नाही. विजा, मी नववी नापास माणूस, पण पुस्तकं आणून स्वतः शिकलो आणि पंचवीस वर्षं शेतपंपाच्या जळलेल्या मोटरींत तार भरून राह्यलो. तो आवाज मी दारातूनच ओळखला. कंडेन्सर गेलाय, बाकी मोटर ठणठणीत. तिथल्या बाबूला म्हटलं, दहा मिनिटांचं काम आहे, करून देतो. तो मला विचारतो, काका, सर्टिफिकेट हाये काय तुमच्यापाशी? नागपूरहून कंपनीचा माणूस आल्याशिवाय हात लावता येत नाही म्हणे. तो कधी येणार, तर ते कंपनीले माहीत. डॉक्टरांनी दुखायच्या गोळ्या लिहून दिल्या आणि हात जोडले. त्यांचा तरी काय दोष?

सर्टिफिकेटवाल्यांच्या राज्यात एक मुलगी दाढ धरून बाकावर बसली होती, एवढंच तुला कळवतो. आणि तू दर महिन्याला पार्सलात चॉकलेटं कोंबतेस, ती बंद कर.

घरच्या सर्वांना यथायोग्य सांगावे. आहे तो लोभ कमी होऊ देऊ नये.

तुझा
किसनराव

*

राजूर,
दि. ६ सप्टेंबर २०२५

ती. किसनभाऊस,

विजाचा शि. सा. नमस्कार. वि. वि. तुझं पत्र मिळालं. तारखा, वार आणि एसटीची वेळ वाचून जीव थकला, मग पोरीचं काय ते कळलं.

चॉकलेटांवरून मले बोलतोस, पण पाढा पाठ झाला की संत्रागोळी कोण देते, हे तिनं मले फोनवर सांगून ठेवलंय. बाराचा पाढा झाला म्हणते. आता गोळ्या तूच मोज, मोजायची हौस तुलेच हाये.

भाऊ, दोन चकरा फुकट गेल्या, वाईट वाटलं. इकडे खाणीच्या धुळीनं तिचा खोकला जाईना म्हणून काळजावर दगड ठेवून तुझ्याकडे ठेवली. जवळ असती तर मीच फिरली असती. पण सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन बारा तारखेला हाये आणि यांची ड्यूटी बदलत नाही. सासूबाई म्हणतात, दाढेत तंबाखूचा गुडाखू चोळा, आम्ही जन्मभर चोळला. मी नुसते त्यांचे दात पाहिले.

मी दसऱ्याला येते. आपण तिला यवतमाळला चांगल्या डॉक्टरकडे नेऊ. तोवर गोळ्या दे, मिठाच्या कोमट पाण्याच्या चुळा भरव आणि कोणालेही हात लावू देऊ नको. मुद्दाम लिहिते, कारण तुझा स्वभाव मले माहीत हाये. काहीही बंद पडलं की तुले ते उघडून पाहायचंच असते. ही मोटर नाही, माझी पोरगी हाये.

वहिनींना नमस्कार. बहिणीवर माया ठेव, आणि जरा तिचं ऐकतही जा.

तुझी
विजा

*

बोरी अरब,
दि. १५ सप्टेंबर २०२५

चि. सौ. विजयमाला हिस,

अनेक आशीर्वाद. वि. वि. पत्र पोचलं. थांब म्हणतेस. थांबायला मला काही नाही, दाढ माझी नाही.

शुक्रवारी, १२ तारखेला, तिसरी चकर झाली. कंपनीचा माणूस आला नाही. कॉम्प्रेसरवर कोणीतरी टॉवेल वाळत घातलाय. पोरीचा गाल सुजलाय. भाकरी दुधात कुस्करून देतो, ती डाव्या बाजूने चघळते आणि अर्धी ठेवते. परवा वर्गात रडली म्हणून गुरुजींनी घरी पाठवली. गोळीचा असर चार तास, मी घड्याळ लावून पाहिलं.

आता नीट विचार केलेली गोष्ट लिहितो. ती माझ्याकडे आल्यापासून तिचा पडलेला प्रत्येक दात मी वहीत तारखेनिशी लिहिला आहे. खालचे पुढचे दोन, वरचे पुढचे दोन, एकूण चार. ही दाढ त्या वहीत नाही. ती येण्याआधीचं तू सांगितलंस, त्यातही नाही. जो दात एकदाही पडला नाही तो दुधाचा, आणि दुधाचा आज ना उद्या पडणारच. पडणाऱ्या दातासाठी पोरीला दसऱ्यापर्यंत तडफडत ठेवणं मला पटत नाही.

आपल्या बाजारात देवराव बसतो, दात काढतो, कवळ्या बसवतो. तीस वर्षं झाली. कोणत्या कॉलेजात गेला नाही, बापाचा हात पाहून आणि स्वतः करून शिकला. अशा माणसाची किंमत मला कळते. अवजारं उकळत्या पाण्यात टाकून घेईन, पाणी मी घरून नेईन. उद्याच बाजार आहे. हे पत्र तुला पोचेल तोवर दुखणं संपलेलं असेल. काळजी नसावी.

लोभ आहेच, तो तसाच असू द्यावा.

तुझा
किसनराव

*

राजूर,
दि. २१ सप्टेंबर २०२५

किसनभाऊस नमस्कार.

पत्र अठराला मिळालं. तेव्हाच फोन केला, तर तू म्हणालास की झालं, पोरगी आता जेवते, आणि फोन वहिनींच्या हाती दिलास. म्हणून हे लिहिते. कागदावरचं तू वाचतोस तरी.

इथल्या दवाखान्यात दातांचे डॉक्टर येतात, त्यांना काल तुझं पत्र दाखवलं. त्यांनी पोरीचं वय विचारलं, कोणती दाढ ते विचारलं. मग म्हणाले, ताई, ती दुधाची नव्हती. सहाव्या वर्षी एक दाढ दुधाच्या दाढांच्या मागे येते, नव्या जागेवर, त्यासाठी कोणताही दात पडावा लागत नाही. तीच पक्की दाढ, जन्माची. तिच्यामागून दुसरी येणार नाही. फार किडली असली तरी कदाचित वाचवता आली असती, न पाहता सांगता येत नाही म्हणाले. सगळे लोक हीच चूक करतात, असंही म्हणाले. मले वाटलं, सगळे लोक कायले? माझा भाऊ तर वही ठेवून चुकला.

दवाखान्यानं तुले तीनदा फिरवलं, त्याचा राग मलेही हाये. पण भाऊ, तुझ्या खिशात फोन होता. बाजाराच्या आदल्या दिवशी तू पत्र टाकलंस. ते तिसऱ्या दिवशी पोचते हे तुझ्याइतकं पक्कं कोणाले माहीत? तुले माझं ‘नाही’ ऐकायचं नव्हतं. सात वर्षांच्या पोरीले तर तू विचारलंच नसशील.

तशाच आणखी तीन दाढा तिच्या तोंडात हायेत. डॉक्टर म्हणाले, त्या लवकर दाखवा. सासूबाईंच्या डोळ्यात औषध घालायचं असते, दसऱ्याच्या आधी मले निघता येत नाही. यवतमाळच्या डॉक्टरांचा पत्ता सोबतच्या चिठ्ठीवर लिहिला आहे, मी फोन करून शुक्रवारची वेळ घेतली. घेऊन जा. नेतोस की नाही, हे फोन करून सांग.

बाकी काही लिहावंसं वाटत नाही.

विजयमाला

*

बोरी अरब,
दि. २७ सप्टेंबर २०२५

चि. सौ. विजास,

आशीर्वाद. काल नेलं होतं. फोनवर तुला दोन दाढा भरल्या एवढंच सांगितलं. बाकीचं तेव्हा तोंडातून निघालं नाही, ते लिहितो.

डॉक्टरबाई तरुण आहेत, पण सावकाश बोलतात. त्यांनी विचारलं, दाढ कोणी काढली? मी काढायला लावली, असं सांगितलं. देवरावाचं नाव घेतलं नाही. त्याने बाजारात मला विचारलं होतं, भाऊ, दुधाचीच हाये ना? मीच त्याला वही उघडून दाखवली. इतकं पक्कं लिहिलेलं पाहून त्या बिचाऱ्याने अवजारं बाहेर काढली. पडलेले दात मी तारखेनिशी लिहिले होते, विजा. आलेला एकही लिहिला नव्हता.

निकिता खुर्चीत बसली, पण तोंड उघडेना. डॉक्टरबाईंनी तिच्या हातात आरसा दिला, आपले स्वतःचे दात दाखवले, खुर्ची वर-खाली करून दाखवली. ती ओठ घट्ट मिटून बसली. मला वाटलं, धीर द्यावा. जवळ जाऊन म्हटलं, बेटा, मामा हाये ना इथं. त्यावर तिने दोन्ही हात तोंडावर धरले आणि डोळेही मिटले. हे तुला आधी लिहिलं नव्हतं. बाजारात तिचं डोकं मीच धरलं होतं. देवराव म्हणाला होता की पोरगी नाही म्हणते, उद्या पाहू. मी म्हटलं, एका मिनिटाचं काम आहे.

डॉक्टरबाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग मला म्हणाल्या, काका, तुम्ही थोडं बाहेर बसता काय? मी बाहेर आलो. दार लागलं. थोड्या वेळाने डॉक्टरबाईंचा आवाज आला, शाब्बास, अजून थोडं मोठं.

ती बाहेर आली तेव्हा डाव्या गालात कापूस होता. डॉक्टरबाई म्हणाल्या, पोरगी हिमतीची आहे, एकदाही रडली नाही. उजवीकडची वरची दाढ पुढच्या महिन्यात, दहा तारखेला. तू दसऱ्याला येशील तेव्हा तेवढे दिवस राहून जा. एसटीत जागा मी धरीन, नंबर मी लावीन. आत मात्र तिच्याजवळ तू बस. मी बाहेर थांबेन.

जवाईबापूंना नमस्कार, सासूबाईंच्या डोळ्याची काळजी घ्यावी. लोभाचं या वेळी तुझ्यावर सोडतो.

तुझा
किसन