सिद्दीकभाईंसाठी एक इंग्रजी क्रियापद

दौंड, ९ मार्च १९६२

शिरूरचे नामांकित शिंपी, आमचे जुने दोस्त आणि (मनावर घेतलंत तर) होणारे व्याही जनाब सिद्दीकभाई यांना सुभान इंजिनवाल्याचा सलाम. इकडं सगळी खुशाली. तुमच्या तब्येतीची चौकशी करणार होतो, पण मागच्या खेपेला 'तब्येत कशी?' म्हणून विचारलं तेव्हा तुम्ही 'आता काय सांगायचं' म्हणालात, आणि ते बरं की वाईट हे आम्हाला अजून कळलेलं नाही. तेव्हा जशी असेल तशी असो. नजमुन्निसा भाभींना सलाम, चिरंजीव इनुसला दुवा. तुमच्या इनुसचं आणि आमच्या मेहरुनचं जमवायचं की नाही, हा विषय मी आज काढत नाही. आज फक्त इंग्रजी.

झालं असं, की रेल्वेतले गार्ड पिंटोसाहेब माझ्या दुकानात येऊन बसतात. (मी विहिरीवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करतो आणि पिंटोसाहेबांकडं इंजिन नाही. त्यांच्याकडं बायको आहे, म्हणून ते दुकानात येतात.) परवा आले ते हातात वरच्या साहेबाचा कागद घेऊन. गाडी मधेच का थांबली, असं त्यांना विचारलं होतं. त्यावर यांनी कळवलं, की गाडी थांबली हे खरं, पण थांबायच्या आधी ती चालूच होती. वरून शेरा आला, 'डू नॉट इक्विव्होकेट.' मी अर्थ विचारला. साहेब म्हणाले, खोटं बोलायचं नाही, पण खरंही सांगायचं नाही. ऐकणाऱ्याला दोन्हीकडं अर्थ लागेल असं बोलायचं आणि आपण मधल्यामधे मोकळं राहायचं. एवढ्या सगळ्याला इंग्रजांनी एकच क्रियापद ठेवलं आहे. मी म्हणालो, "साहेब, तुमच्याकडं नुसतं क्रियापद हाय. आमच्याकडं अख्खा माणूस हाय, शिरूरला."

नवा पाना हातात आला की मी दिसेल तो नट फिरवून बघतो, तसं या शब्दाचं झालं. भाजीवाल्या गिताबाईला विचारलं, शेवग्याच्या शेंगा कोवळ्या आहेत का? ती म्हणाली, "तुमच्याच घरच्या समजा." आमचे शेजारी पोपटराव पुढारी आहेत, त्यांना विचारलं, भीमेवर पूल कधी होणार? म्हणाले, "नदी आपलीच हाय की." आणि तुमचा इनुस एस.टी.त कंडक्टर, त्याला मांडवगणच्या एका म्हाताऱ्यानं माझ्यादेखत विचारलं, गाडी फाट्यावर थांबती का? त्यावर तो म्हणाला, "बसा तर खरं." (वळण घरचंच, त्यात शंका नाही.) पिंटोसाहेब सांगतात, हे क्रियापद 'तो' आणि 'ते' यांच्याबरोबरच चालतं, स्वतःला लावून बोलणारा माणूस त्यांनी सबंध नोकरीत पाहिला नाही. सिद्दीकभाई, मी भिंतीपलीकडून इंजिनाचा ठोका ऐकून कुठला व्हॉल्व्ह गळतोय ते सांगतो. तुमच्या बोलण्यात मात्र सगळे ठोके सारखे पडतात, फक्त पाणी येत नाही.

आता विषय काढायचा नाही म्हणालो तरी शब्दाचा उपयोग नीट समजावा म्हणून एक उदाहरण देतो. मुलीच्या घरी चार माणसांसमोर पाहुण्यांनी साखर तोंडात टाकली की होकार झाला, हे आपल्यातलं चालत आलेलं. तुम्ही दोघं आलात, मुलगी पाहिलीत, मटण दोनदा वाढून घेतलंत, आणि साखरेचं ताट मधे आलं तेव्हा तुमची एकदम दाढ दुखायला लागली. पोपटराव म्हणाले, "घ्या की पाव्हणं, साखर हाय, सोमल न्हाई!" त्यावर तुम्ही म्हणालात, "घेऊ की. साखर कुठं पळून जाती?" साखर पळाली नाही. ती संध्याकाळपर्यंत तशीच राहिली आणि शेवटी मुंग्यांनी होकार दिला. भाभींनी हात पुढं केला होता. तुम्ही त्यांना त्याच वेळी पानाचा डबा मागितलात. चहासुद्धा बिनसाखरेचा घेतलात. आमची बेगम भोळी, तिला वाटलं तुम्हाला मधुमेह झाला. तिनं कारली वाळवून, कुटून, बाटलीत भरून दिली.

ती बाटली घेऊन मी शिरूरला आलो, तर तुम्ही स्टँडसमोरच्या हॉटेलात बसलेले, पुढ्यात जिलबी. तुम्ही जराही न गडबडता म्हणालात, "या सुभानभाई. ह्यात साखर कुठं असती? पाक असतो." सिद्दीकभाई, त्या घडीला मी बाटली टेबलावर ठेवली आणि मनातल्या मनात तुम्हाला उस्ताद मानलं. इंग्रज दीडशे वर्षं राहून गेले. त्यांना हे जमलं नसतं. मग मी इनुसचं विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "पोरगं काय, तुमचंच हाय." हेच वाक्य शिरूरच्या तेलघाणेवाल्यालाही ऐकवलंत, असं कानावर आलं. (माझे कान चांगले आहेत.) पोरगं एक आणि मालक दोन, तर एस.टी.चं आणखी वेगळं.

असो. मन दुखवायचा हेतू नाही. शब्द चांगला आहे, तुमच्या उपयोगाचा आहे, म्हणून कळवला. भाभींना पुन्हा सलाम.

तुमचा
सुभान

ता.क. : विषय निघालाच आहे तर लिहितो. केडगावहून मेहरुनला मागणी आली आहे. मुलगा रेल्वेत फिटर आहे. ते जुम्म्याला येणार. त्याआधी हो की नाही, एवढं एका कार्डावर कळवा. पोरीची जात, तिला असं टांगून ठेवणं बरं नाही.

ता.क. दुसरा : केडगावकरांनी मला सरळ विचारलं, की दुसरीकडं कुठं बोलणं चाललंय का? मी म्हणालो, "पोरीचं घर हाय, माणसं येत-जात असत्यात." यात खोटं काही नाही. तरी तुम्ही त्यांच्या कानावर काही घालू नका.

ता.क. तिसरा : चाचाजान, मी मेहरुन. पाकिटावर पत्ता लिहायला अब्बांनी पत्र माझ्याकडं दिलं. अम्मी सांगतेय तसं लिहिते. सोमवारी आम्ही दोघी इनुसच्याच गाडीत होतो. अम्मीनं त्यांना तोंडावर विचारलं, माझ्या पोरीशी लग्न करणार का? ते म्हणाले, "पुढं सरका, मागनं माणसं चढत्यात." अम्मी तशीच पुढं केडगावला गेली आणि फिटरना तेच विचारलं. ते म्हणाले, "व्हय." मग अम्मीनं मला विचारलं. मीपण "व्हय" म्हणाले. जुम्म्याचं पक्कं झालंय. अब्बांना अजून सांगितलेलं नाही. एका शब्दाचं बोलणं त्यांच्या लवकर ध्यानात येत नाही, म्हणून सवडीनं सांगणार आहोत.