तिसऱ्या रांगेतला नवरा

प्रिय छाया,

पत्र पाहून घाबरू नकोस, घरी सगळे सुखरूप आहेत. हाताशी फोन असताना ही बया कागद काळे का करते आहे, असं तुला वाटेल. पण फोनवर तू मधेच 'हं' म्हणतेस आणि माझं अवसान गळतं. गेल्या आठवड्यात तीनदा फोन लावला आणि तिन्ही वेळा नाशिकच्या थंडीची अन् तुझ्या गुडघ्यांची चौकशी करून ठेवून दिला. कागद मधे बोलत नाही. माझ्या सातवीच्या अक्षराला हसायचं तेवढं हसून घे, पण पत्र शेवटपर्यंत वाच.

आम्ही दोघं पुण्याला जाऊन आलो. तिथे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव होता आणि त्यात दाखवलेल्या एका सिनेमात मी आहे. आधी हे हसण्यावारी नेशील, म्हणून पुढचंही लगेच सांगते. त्या सिनेमात मी तुझी गोष्ट माझी म्हणून सांगितली आहे.

कसं झालं ते ऐक. देऊळगाव राजाच्या शकूरभाईंची झेबा पुण्यात सिनेमाचं शिक्षण घेते. कपाशीच्या बियाण्याच्या प्लॉटवर राबणाऱ्या बायांवर सिनेमा करायचा म्हणून ती मागच्या वर्षी कॅमेरा घेऊन आपल्या गावी आली. तू असतीस तर तिची चांगली फिरकी घेतली असतीस, पोरगी बांधावरून चालतानाही पाय जपून टाकायची. प्लॉटवर आपण कशा असतो ते तुला माहीत आहे. दुपारी कळ्या सोलायच्या, सकाळी दुसऱ्या फुलाचं केसर लावायचं. बांगडीचा धक्का लागून कळी गळते, म्हणून बांगड्या काढून डब्यात ठेवायच्या आणि मंगळसूत्र पोलक्यात खोचायचं. कपाळाचं कुंकू तर दहा वाजताच घामात जातं. शेतात कधी न राबलेल्या झेबाला यातलं काय ठाऊक? तिने माझे ओकेबोके हात पाहिले आणि खाली बसून अगदी हळू आवाजात विचारलं, काकू, काका कधी गेले?

एरवी मी सोडलं असतं का तिला? चार बायांना हाका मारून हसले असते. पण त्या दिवशी ओळीत मी एकटीच होते, कॅमेरा चालू होता, आणि माझ्या तोंडून निघालं, सात वर्षं झाली. मग थांबताच येईना. फवारताना गेले म्हटलं. पाठीवरचा पंप गळत होता, कपाशीवर मारायचं औषध पाठीवरून पायापर्यंत उतरलं म्हटलं. झेबा रडली, मीही रडले. तुझ्या मालकांसाठी, तुळशीराम भाऊजींसाठी मी इतकं मोकळं कधीच रडले नव्हते. घरी आल्यावर वाटलं, आपल्या बोंडांचा सिनेमा कोण बघायला बसलंय? आणि मी गप्प राहिले. गप्प राहणं मला तोवर चांगलंच जमायला लागलं होतं.

यंदा झेबाचा फोन आला की सिनेमा निवडला गेलाय, पाहुणी म्हणून या. आमचे हे लगेच तयार. फुकटात पुणं म्हटल्यावर माणूस बोंडअळी विसरतो. त्या सिनेमात हे मेलेले आहेत, ते मी यांना सांगितलं नाही. दुसरबीडहून एस.टी.त बसल्यापासून सांगू सांगू म्हणत होते, तेवढ्यात पुणं आलं. झेबा समोर उभी राहिली तेव्हा मी यांची ओळख माझे दीर म्हणून करून दिली. यांना ऐकू गेलं नाही, कारण हे सरकत्या जिन्याकडे तोंड उघडं टाकून बघत होते.

तिथला थाट वेगळाच. गळ्यात फितीला लावलेलं कार्ड, एका सिनेमातून निघून दुसऱ्यासाठी रांगेत पळणारी माणसं, जागा नसली तर पायऱ्यांवर बसणारी. पहिल्या दिवशी आम्ही कुठल्याशा बर्फाच्या देशातला सिनेमा पाहिला. एक म्हातारा दोन तास त्याची हरवलेली मेंढी शोधत होता. खालची अक्षरं इंग्रजी, पण मला सगळं समजलं आणि पदर ओला झाला. हे म्हणाले, मेंढी तर मला सुरुवातीलाच दगडामागे दिसली होती, त्याला कोणी सांगितलं का नाही? मी म्हटलं, कधीकधी दिसतं पण सांगायला तोंड होत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमचा खेळ. सगळ्या खुर्च्या भरलेल्या. पडद्यावर एकेक बोंड बैलगाडीएवढं. माझा चेहरा आला तेव्हा यांनी कोपराने ढोसलं, केवढी मोठी दिसतेस म्हणून. मग माझा आवाज सुरू झाला. नवरा गेला म्हटल्यावर हे गालात हसले, त्यांना वाटलं सिनेमा आहे, सिनेमात काहीही दाखवतात. पण गळक्या पंपाचं आलं आणि त्यांचं हसू गेलं. पंप दुसऱ्याचा होता, असं मी पडद्यावर म्हणत होते. यांनी माझ्या हातातला हात काढून घेतला. पुढचा सिनेमा मी पाहिला नाही, त्यांचा श्वास तेवढा ऐकत बसले.

दिवे लागले, झेबाने मला स्टेजवर बोलावलं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालेलं. समोरच्या एका बाईंनी विचारलं, आज तुमचे मालक इथे असते तर तुम्ही त्यांना काय सांगितलं असतं? चांगल्या मनाने विचारलं होतं गं त्यांनी. तेव्हा तिसऱ्या रांगेत हे उभे राहिले. चारचौघांत सरपंचापुढेही न बोलणारा माणूस, टोपी हातात घेऊन म्हणाला, "म्या जित्ता हाये. गेला तो तुळशीराम. पंप माहा होता."

दोन-चार जणांनी टाळ्याही वाजवल्या, त्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. झेबा रागावेल, तिचे वर्षभराचे कष्ट मी मातीत घातले, असं मला वाटलं होतं. ती आम्हाला बाहेर घेऊन गेली, पाणी दिलं आणि तिने एकच विचारलं, छायाकाकूंना हे माहीत आहे का? मी नाही म्हटलं. त्यांना कळल्याशिवाय आणि त्या हो म्हटल्याशिवाय सिनेमा पुन्हा कुठेच दाखवणार नाही, असं तिने सांगितलं. तो दाखवायचा की नाही हे तू तिलाच कळव, तिचा नंबर पाकिटावर लिहिला आहे. पण तुझी परवानगी मागायला मी हे पत्र लिहिलेलं नाही.

भाऊजी गेल्यावर तेराव्या दिवशी तू माझ्या मांडीवर डोकं ठेवून सांगितलंस की त्या सकाळी कपाशीवरून भांडण झालं, रागाच्या भरात तू त्यांना 'मरा एकदाचे' म्हणालीस, आणि ते त्यांनी मनावर घेतलं. बांधावर औषधाची बाटली सापडली होती, त्यामुळे गावही त्यांनी औषध घेतलं असंच म्हणत होतं. मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत राहिले आणि तोंड शिवून बसले. छाया, त्यांनी ते प्यायलं नव्हतं. आमचा पंप मागून नेला होता त्यांनी. तो गळतो हे आम्हाला माहीत होतं आणि आम्ही सांगितलं नाही. दुपारी ते आमच्या विहिरीवर आले तेव्हा सदरा पाठीला चिकटलेला होता, चक्कर येते म्हणाले. मी पाणी दिलं आणि तिथेच ते कोसळले. यांनी त्यांना गाडीवर घालून दवाखान्यात नेलं. परत आल्यावर भीतीपोटी पंप धुऊन गोठ्याच्या माळ्यावर टाकला, आणि विचारणारे आले तेव्हा दोघांनीही माहीत नाही म्हणून सांगितलं. आता हे पोलिसांत सगळं लिहून देणार आहेत, मीही देणार आहे, मग आमचं व्हायचं ते होवो. तू आम्हाला माफ कर असं म्हणायला माझी जीभ उचलत नाही. फक्त तू आठ वर्षं जे उरावर घेऊन जगतेस ते खाली ठेव, ते तुझं नाही. विहिरीवर पाणी पिताना भाऊजी हसत होते गं. म्हणाले, "छायी लई चिडली हाये आज. सांजले जातो अन् हसवतो तिले."

अजून म्हणू देशील तर, तुझीच
रुख्मिणी