एकाच नावाची दोन आवतणं

२१ जानेवारी, बुधवार

परत मशेरीचा वास! स्वयंपाकघराची कडी सकाळी मीच काढली, आणि आत आई नुकतीच तवा उतरवून गेल्यासारखा वास. आई एप्रिलमध्ये गेली. घरात आता कोणी मशेरी भाजत नाही. बाबांना सांगितलं तर म्हणाले, तुलाही आला का? आणि चहा पीत बसले. म्हणजे यांना रोज येतो! पण बोलतील तर शपथ.

अक्षदाचं, माझ्या धाकट्या बहिणीचं, लग्न आठ फेब्रुवारीला. आईचं वर्ष व्हायच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबा. म्हणून शहाडचं पार्लर बंद ठेवून मी इथे, बाळकुमला.

२३ जानेवारी

हळदीला कलावतीकाकी धवले म्हणणार, लग्नाची सगळी गाणी, पण आवतण नाही म्हणणार. आवतणात घरातल्या गेलेल्यांना एकेकाचं नाव घेऊन मांडवात बोलवायचं असतं. ती नावं फक्त आईला पाठ होती. उभ्या गावात आईसारखं, जनी धवलारणीसारखं, आवतण कोणाला जमायचं नाही. एक नाव जरी राहिलं तरी ते माणूस मांडवाबाहेर ताटकळतं. "मना पाप नको," काकी म्हणाली. बरोबर आहे तिचं.

बाबांना चार-पाच नावं आठवली. पुढची नाहीत.

२४ जानेवारी

जयेशने आईचे सगळे धवले रेकॉर्ड करून ठेवलेत! भाऊ आमचा बोटीवर असतो, नेटवर्क मिळालं की मेसेज टाकतो. म्हणाला, माझ्या जुन्या लॅपटॉपवर aai.tar.gz बघ. सगळी गाणी एका फाईलीत बांधून, दाबून ठेवलेली. कमांडच्या काळ्या खिडकीत टाईप करून सोडवायची. दुसरी कॉपी? नाही. गधडा!

वर मला सूचना: "ताई, आधी पेनड्राइव्हवर कॉपी कर. मग tar या कमांडला t लाव, नुसती यादी दिसेल. मग रिकामा फोल्डर आणि x, म्हणजे सोडवणं. c म्हणजे बांधणं. c ला हात लावू नको, जुनं पुसून त्याच नावाने नवीन बनेल."

अरे, मी रोज बायकांच्या केसांना कात्री लावते. मला शिकवतो.

२५ जानेवारी

बाबांना कळलं. गेलेल्या माणसाचा आवाज मांडवात लावायचा नाही म्हणाले. मी भांडले. नावं कुठून आणू मग? त्यांनी दाराकडे बघितलं. मग अगदी हळू:

"ती गेलीय कुठं, निशे? दारान उभी हाय. बोलवल्याबिगर आत कशी येल?"

दाराकडे बघितलंच नाही मी.

२७ जानेवारी

c दाबला!!

कॉपी केलेली नव्हती. अक्षू साडी दाखवत होती, वास पुन्हा आलेला, आणि माझी बोटं आपली चालली. tar -czf aai.tar.gz, एंटर. मग वाचलं काय टाईप केलंय ते. आई दुसऱ्यांदा गेली, आणि या वेळी मी घालवली, एवढंच डोक्यात.

खिडकीत इंग्रजीत एक ओळ. अर्थ असा की, आत काय भरायचं ते सांगितलं नाहीस, रिकामं गाठोडं बांधायला मी भित्र्यासारखा नकार देतोय. फाईल होती तशीच! भित्रा तर भित्रा, पाया पडले त्याच्या. तशीच उठले आणि पेनड्राइव्ह आणला.

२८ जानेवारी

t लावला. यादी आली. त्यात 'आवतण' हे एकच नाव दोनदा. एक मध्येच, एक अगदी शेवटी.

३० जानेवारी

जयेश म्हणाला, x बरोबर k पण लाव, म्हणजे असलेल्या फाईलीवर दुसरी बसणार नाही. नवा फोल्डर मी स्वतः बनवला, उघडून बघितला, रिकामा. सोडवायला लावलं. एकेक गाणं बाहेर आलं आणि शेवटी म्हणतो काय, 'आवतण' इथे आधीच आहे.

रिकाम्या फोल्डरमध्ये आधीच कोण आहे? लॅपटॉप मिटून ओट्यावर जाऊन बसले.

१ फेब्रुवारी, रविवार

आज धीर केला. जे आवतण बाहेर आलं ते ऐकलं. आई! पहिल्या ओळीलाच रडू फुटलं. सगळी नावं आहेत, थेट हौसाबाई आजीपर्यंत, तिथे संपतं. बाबा खोलीत आले नाहीत, पण दाराच्या पडद्याखाली त्यांचे पाय दिसत होते. नंतर म्हणाले, नावं मिळाली ना, आता कलावतीला शिकव. आवाज नको.

३ फेब्रुवारी

जयेशचा मेसेज. भूतबीत काही नाही! एका नावाच्या दोन फाईली असल्या की सोडवताना दुसरी पहिलीवर बसते. k ने तिला अडवलं, एवढंच. पण पुढे लिहिलंय:

"दुसरी आईच्या शेवटच्या आठवड्यातली. म्हणाली, आवतण परत घे, आता ऐकू नको, अक्षूच्या हळदीला लाव. मी त्याच नावाने आत टाकली. मग ती गेली, आणि माझ्या डोक्यातूनच गेलं गं."

बाबांना वाचून दाखवलं. "तिनं सांगितलंय?" इतकंच विचारलं. नको म्हणाले नाहीत.

४ फेब्रुवारी

दुसरा फोल्डर, रिकामा. या वेळी k नाही. दुसरी पहिलीवर बसली. पहिली आधीच्या फोल्डरमध्ये तशीच आहे. ऐकलं नाही. आईचा शब्द.

७ फेब्रुवारी, शनिवार

हळद. दुसरं आवतण लावलं. नावं तीच, पण आवाज थकलेला. हौसाबाई आजीनंतर आई थांबली. खोकली. मग म्हणाली, "जने, ये गो बाय, मांडवान ये."

बाबा उठले. मांडवाच्या तोंडाशी गेले आणि वाट सोडून बाजूला उभे राहिले.