वजनकाटा, गिरणी आणि पुसलेलं नाव

मी, सारजाबाई फकिरा मोकासे, वय चोपन्न, धंदा पिठाची गिरणी, राहणार उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. दीर नानासाहेब गावाकडे पिशोरात सांगत फिरतात की वहिनी भ्रमिष्ट झाल्या. नाय झाले. रागावले आहे. शिक्षण चौथी. मजकूर माझा, टाइप वकिलाच्या माणसानं केला. "मॅडम, असं कोर्टात लिहीत नाहीत," असं तो दर ओळीला म्हणतो. त्याला म्हटलं, तू टाइप कर.

माझ्या मृत्युपत्राची ही दुसरी प्रत. पहिली रद्द. माझ्या मुलीच्या कामात रीत आहे की दुसऱ्यांदा पाठवायचं तर शेवटी रेघ मारून काय बदललं ते सांगायचं. मीही तसंच केलं आहे.

कलम १. राहतं घर मुलगी राजनंदिनी हिला. वरच्या खोलीतला कॉम्प्युटर तिच्याच कमाईचा, तो मी काय देणार? पण "पोरगी दिवसभर परक्या माणसांना पत्रं लिहिते" असं जे माझ्या दारात उभं राहून बोलले, त्यांनी त्या खोलीचा जिना चढायचा नाय.

कलम २. पत्रं कशाची ते एकदाच सांगते. गिरणीतला वजनकाटा कॉम्प्युटरला जोडलेला आहे. लाइट जाऊन आली की तो आधीच्या गिऱ्हाइकाचं वजन दाखवायचा. शेजारीण नजमुन्निसा डबा आपटून ओरडली, "सारजा, पाच किलो लाई मैं, तेरा काटा आठ बोलरा! तीन किलो क्या मेरे मियाँ कू पीसी?"

काट्याचा प्रोग्राम फुकटचा, जगभरची माणसं मिळून सांभाळतात. चूक सापडली तर दुरुस्ती ई-मेलनं त्यांच्या यादीवर पाठवायची, म्हणजे सगळ्यांना दिसते. त्यांचे कायदे माझ्या सासूपेक्षा कडक. साधी अक्षरं, रंगरंगोटी नाय. वेगळी फाइल चिकटवायची नाय, दुरुस्ती पत्रातच. एका पत्रात एकच दुरुस्ती. कुणी काही विचारलं तर उत्तर त्याच्या ओळीखाली लिहायचं, डोक्यावर नाय. आणि ज्यानं केलं त्याचं नाव वर. ज्यानं तपासलं त्यानं आपलं नाव खाली घालायचं, आधीचं न पुसता.

राजनंदिनीनं दुरुस्ती केली. गिरणीत बसून मेन स्विच पाडून-चढवून बघितली, तोवर गिऱ्हाइकं मला शिव्या देत होती. पाठवायच्या आधी तपासायला दिली विश्वजीतला, म्हणजे दिराच्या मुलाला.

कलम ३. विश्वजीत कॉलेजभर माझ्या घरी जेवला. त्याबद्दल काही म्हणणं नाय. त्यानं तिचं नाव पुसलं, आपलं घातलं आणि पाठवून दिलं. शेंद्र्याच्या एमआयडीसीतल्या कंपनीत तेच दाखवून नोकरी मिळवली. पेढे आणले, मी खाल्ले. लई गोड लागले. मग यादीवरच्या एका बाईनं त्याला विचारलं की हे कुठल्या काट्यावर तपासलं, लाइट आल्यावर काय दिसलं? गडी गिरणीत हजर.

"काकू, जरा काटा बंद-चालू करून दाखवता?"

"कशाला रे?"

"असंच. ऑफिसचं काम."

राजनंदिनी जिन्यावरून म्हणाली, "आई, सकाळीच वाचलं मी यादीवर. दुरुस्ती माझी आहे, नाव ह्याचं."

"ताई, एवढं काय त्यात? घरातलंच तर आहे."

मी म्हटलं, "घरातलंच ना? मग तुझा पगार हिच्या खात्यात घाल."

चप्पल न घालता पळाला. त्या बाईला अजून उत्तर नाय, म्हणून दुरुस्तीही अडकून पडली. राजनंदिनी म्हणते, जाऊ दे आई, चारचौघांत भावाचं नाक कशाला कापायचं. ती गप्प बसली. मी बसणार नाय.

कलम ४. गिरणी. "वंशाचा पोरगा आहे, वहिनी" म्हणून दिरानं गळ घातली, तेव्हा अर्धी विश्वजीतला लिहिली होती. आता सगळी राजनंदिनीला. मी जिवंत असेपर्यंत विश्वजीतनं त्याच यादीवर, त्याच पत्राखाली लिहावं की दुरुस्ती राजनंदिनी मोकासेची आहे. तिचं नाव वर घालून दुसरी प्रत पाठवावी. एवढं केलं, तर मी तिसरं मृत्युपत्र करीन. मला फोन करून रडायचं नाय. माझी माफीही नको. माझं नाव नाय पुसलं त्यानं.

कलम ५. नानासाहेबांनी माझ्या तेराव्याला पोटभर जेवावं. भाषण करू नये.

कलम ६. गिरणीतला वजनकाटा विश्वजीतला.

हे मी राजीखुशीनं, कुणाच्या दबावाशिवाय केलं. दबाव टाकून बघितला लोकांनी.

सही: सारजाबाई फकिरा मोकासे

आमच्यासमोर वाचून सही केली, म्हणून आमची नावं तिच्या नावाखाली:
१. नजमुन्निसा कमरोद्दीन शेख
२. संध्या गोकुळ वाघ

उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर
१४ फेब्रुवारी २०२५

————

पहिल्या प्रतीपासून बदल:

कलम ४ मधून विश्वजीतचा हिस्सा काढला. कारण वर आहे.

कलम ६ नवीन. ह्याला माझ्या मरणाची वाट बघायची गरज नाय. काटा आजच रिक्षात घालून शेंद्र्याला पाठवला, गिरणीत तोवर तागडी चालेल. विश्वजीतनं स्विच पाडावा, चढवावा, काय दिसतं ते बघावं. ती बाई उत्तराची वाट बघते आहे.